उखाआबांच्या पडीतलं गवत

धुळ्याहून सातपुड्याच्या पायथ्याला माणसं जातात ती देवाला, नाहीतर उनपदेवच्या गरम झऱ्यात पाय बुडवायला. एकोणनव्वद सालच्या भाद्रपदात मी तिकडे गेले ती गवत मोजायला. निघताना शेजारणीला तसं सांगितलं, तर तिने "हो का, बरं" म्हणून विषय बदलला आणि संध्याकाळी आमच्या ह्यांना जिन्यात गाठून माझ्या तब्येतीची चौकशी केली.

गवत मोजायची कल्पना अर्थातच माझी नव्हती. ती आमच्या मंजूची. मंजू तेव्हा वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिच्या प्रबंधाचा प्रश्न इतका सोपा होता, की त्याचं उत्तर मी ओट्याशी उभी राहून फोडणी देता देता सांगेन असं मला वाटलं. एका जागी जेवढ्या वनस्पती उगवतात, त्यांत लाकूड धरणाऱ्या किती आणि मऊ देठाच्या किती? बस्, एवढंच.

"अगं, गवतच जास्त," मी म्हणाले.

"किती जास्त?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे शंभरात किती? आणि आई, काड्या मोजायच्या नाहीत, जाती मोजायच्या. हराळीच्या लाख काड्या असल्या तरी हराळी एकच. एकुलता एक पळस असला तरी तोही एकच."

मग मात्र मी फोडणीकडे लक्ष दिलं. ह्यांना विचारलं तर ते "निम्मे निम्मे" म्हणाले. सरकारी कचेरीत बावीस वर्षं काढलेला माणूस कुठल्याही प्रश्नावर निम्मे निम्मेच म्हणतो. मंजूचं म्हणणं असं, की मोठमोठे लोकसुद्धा या प्रश्नावर अंदाजच मारतात, आणि ज्याच्या दाराशी जे उगवतं तसा त्याचा अंदाज असतो. म्हणून निदान एका डोंगरउताराचा तरी खरा हिशेब तिला लावायचा होता.

तो तिचा उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा लावून झाला होता. चोपड्याच्या उत्तरेला, पायथ्याच्या एका गावी, माझे चुलतभाऊ लोटनभाऊ शेती करतात. त्यांच्या वावराच्या वर डोंगराच्या अंगाला त्यांची थोडी पडीक जमीन आहे. तिथे मंजूने चार-चार दगड ठेवून बारा चौकोन आखले, आतल्या जाती लिहून काढल्या आणि खुशीत परत आली. सरांनी वही चाळून विचारलं, "मोजणी कधी केलीत?"

"वैशाखात."

"वैशाखात खानदेशात लाकडाशिवाय उरतं काय?"

म्हणजे पावसाळा सरता सरता त्याच चौकोनांत पुन्हा मोजणं आलं. प्रबंध दिवाळीच्या आत द्यायचा. नाहीतर वर्ष फुकट. आणि आमच्याकडे वर्ष फुकट जाण्याचा अर्थ वेगळा होता. तिच्या आजीने आणि मोठ्या काकांनी "हे एक वर्ष शिकू द्या, मग स्थळं बघायची" अशी मुदत घालून दिली होती. मुदत संपली की वही माळ्यावर जाणार, हे मंजूला ठाऊक होतं आणि मलाही. त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. नुसत्या तयारीला लागलो.

"तू जाऊन काय करणार?" हे म्हणाले. "तुला तुळस आणि सब्जा वेगळा ओळखता येत नाही."

"मी शेतकऱ्याची लेक आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं. फक्त वयाच्या सातव्या वर्षापासून मी धुळ्यात आहे, एवढं सांगायचं राहिलं.

शिवाय लोटनभाऊंना कार्ड टाकण्याचं महत्त्वाचं काम मी आधीच उरकलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे आणि कार्डावर थोडक्यात लिहिण्याची हातोटीही आहे, असा माझा समज होता. मी लिहिलं: "मंजूच्या सरांनी तुमच्या वरच्या पडीतलं गवत मोजून आणायला सांगितलं आहे. तरी आम्ही दोघी पौर्णिमेला येत आहोत. सरांना सगळं दाखवायचं आहे." यात समजायला अवघड असं काय आहे?

पारोळ्याचा स्टँड

आमच्याबरोबर सामान म्हणजे एक पिशवी कपड्यांची आणि दोन लाकडी फळ्या. फळ्यांच्या मध्ये जुन्या वर्तमानपत्रांची चळत, वरून पट्टे आवळलेले. खुडलेली रोपं त्या कागदांत दाबून वाळवायची असतात. कंडक्टरने फळ्यांवर बोट वाजवून विचारलं, "पापडाचं मशीन का बाई?" मंजू खरं सांगायला लागली, तेवढ्यात मी "हो" म्हणून टाकलं. गाडीतल्या एका बाईने मग पारोळ्यापर्यंत मला उडदाच्या पापडात किती पापडखार घालावा ते समजावलं. ते पुढे उपयोगी पडलं.

पारोळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडवर मिरचीची भजी तळली जात होती आणि अमळनेरची गाडी अजून लागली नव्हती, तेव्हा पुढचं काही माझ्या हातात राहिलं नाही. चार भजी उरली. ती गुंडाळायला कागद हवा म्हणून मी फळ्यांमधला एक ओढून घेतला. अमळनेरच्या पुढे तापीचा पूल आला, लाल पाणी दोन्ही काठांना लागून चाललेलं होतं. मी मंजूला ते दाखवत होते आणि मंजू माझ्या मांडीवरच्या तेलकट पुडीकडे बघत होती.

"आई, हा टीपकागदासारखा वापरायचा असतो."

"मग टिपलंच की त्याने," मी म्हणाले.

लोटनभाऊंचं वावर

लोटनभाऊ फाट्यावर बैलगाडी घेऊन आले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. मला हसू आलं, कारण हा माणूस स्वतःच्या साखरपुड्याला विटक्या सदऱ्यात गेलेला. आमच्या मागे गाडीतून आणखी कुणी उतरतंय का, ते त्यांनी मान उंचावून पाहिलं.

"सर नही उनात का?"

"सर कशाला येतील?"

"बरं शे, बरं शे," ते म्हणाले, पण चेहरा जरा उतरला.

घरी वहिनींनी फुणके आणि कढी केली होती. तुरीची डाळ भरड वाटून, मुटके करून वाफवायचे आणि वर कच्चं तेल घालायचं. धुळ्यात आम्ही फुणके करतो ते चमच्याने तेल घालून. इथे तेलाची वाटीच शेजारी ठेवतात आणि पाहुण्याने ती रिकामी केली नाही तर यजमानीण रुसते. मी कुणालाही रुसू दिलं नाही.

जेवून वावराकडे निघालो. वाटेत लोटनभाऊंची केळीची बाग लागते. मंजूने सहज सांगितलं, की केळ हे झाडच नाही, त्याला लाकूड नसतं, तेव्हा तिच्या वहीत केळ गवताच्या रांगेत बसतं. लोटनभाऊ बांधावर थांबले.

"आठ हात उंच शे नि झाड नही?"

"नाही मामा. पानांचे देठच एकात एक गुंडाळलेले असतात."

"म्हंजे पंधरा साल पासून मी गवत लाई ऱ्हायनू?"

"तुमची तूर मात्र लाकडाची," मंजू समजुतीने म्हणाली. लोटनभाऊंनी तुरीकडे पाहिलं, केळीकडे पाहिलं आणि कॉलेजात नेमकं काय शिकवतात, असा चेहरा करून पुढे झाले.

वर चढून आलो आणि मंजूचे बारा चौकोन समोर दिसले. खरं म्हणजे दिसले हीच पंचाईत होती. कमरेएवढ्या हिरव्यात ते शोधावे लागायला हवे होते. आजूबाजूला गवत वाऱ्यावर हलत होतं आणि मध्ये बारा तांबड्या, स्वच्छ, खरवडलेल्या जागा. कोपऱ्यांवरच्या दगडांना ताजा चुना. आतले पळस, बोर, तरवड तेवढे जागच्या जागी, त्यांच्या बुंध्याशी मातीची भर लावलेली. फक्त रांगोळी घालायची राहिली होती.

"देखा अक्का," लोटनभाऊ हात पसरून म्हणाले, "एक काडी जरी दिसनी तं मनं नाव बदली टाका!"

मंजू एका चौकोनाच्या कडेला उकिडवी बसली आणि तिने मातीवरून हात फिरवला.

"मामा, यातलं गवत?"

"काढी टाकं ना, बठ्ठं! परवदिन कपाशीनं निंदणं मांगे ठेवं नि बठ्ठ्या बाया आठे लायात. अक्कानं कार्ड उनं, गवत मोजाले येतस म्हने. सरसले दाखाडतीन म्हने. मंग? धुयाना लोके मना वावरमा यीसन गवत मोजतीन, नि मी हात बांधी बसू?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेतकऱ्याच्या शेतात गवत म्हणजे घरात न काढलेला केर. तो मोजायला धुळ्याहून माणसं येणार आणि मोजून कॉलेजात दाखवणार, असं मी सुवाच्य अक्षरात कळवलं होतं. पोटापाण्याची कपाशी तणात ठेवून या माणसाने, जिथे काही पिकतच नाही अशी पड माझ्यासाठी निंदली होती. शेतकऱ्याची लेक ना मी.

"आणि काढलेलं कुठंय?" मंजूने विचारलं.

"म्हशीले टाकं."

म्हणजे माझ्या लेकीचा प्रबंध आता दोन म्हशींच्या पोटात होता, आणि तोही परवाचा.

मी कार्डाचं सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हे दोनदा सांगितलं. लोटनभाऊ ऐकत गेले तसे त्यांचे पसरलेले हात खाली आले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "पोरनं साल मी बुडाडं का मंग?"

त्या दिवशी संध्याकाळी गल्लीत भुलाबाई बसली. पौर्णिमेपासून आपल्याकडे मुली महिनाभर घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. आमच्याही अंगणात पोरी जमल्या. डबा खुळखुळला, कुणी फुटाणे म्हणालं, कुणी शेंगदाणे. मंजू पायरीवर कोरी वही घेऊन बसली होती. एका मुलीने डबा तिच्या कानाशी धरला तर ती म्हणाली, "नको गं, अंदाज नको आता." आत लोटनभाऊ जेवायला उठत नव्हते. वहिनींनी ताट त्यांच्यापुढे आदळलं. "जिंदगीभर आळशी ऱ्हायनात, नि काम सुचनं ते नेमकं याच आठवडामा!"

भुरीबाईची यादी

सकाळी वहिनींनीच भुरीबाईला बोलावून आणलं. ही वरच्या पाड्यावरची, निंदणाऱ्या बायांची म्होरकी. पन्नाशीची, काटक, बोलताना दुसरीकडेच बघणारी. चौकोन तिच्याच हाताखाली साफ झाले होते.

"काय काय उपटलं ते आठवतं का?" मंजूने विचारलं.

भुरीबाईने बोटांवर सुरू केलं. केना, कुर्डू, तरोटा, माठ, काटेमाठ, दुधी, आघाडा, गोखरू, कुंदा, भुईआवळी... दोन्ही हातांची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तिच्याकडे सगळ्या झाडोऱ्याचे तीन वाटे होते, माणसाचं, गुराचं आणि चुलीचं. जे खातात ते, जे गुरं खातात ते आणि जे जळतं ते. कुठल्या चौकोनात काय होतं हेही ती सांगत होती. मी आनंदून मंजूकडे पाहिलं. म्हटलं, सुटलो! पण मंजूची पेन्सिल थांबली होती.

"मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मी पाहिलं नाही ते लिहिणार कशी?"

मी तिला चिमटा काढला. वर्षाचा प्रश्न आहे, लिहून टाक, असा त्या चिमट्याचा अर्थ होता. तिने हात बाजूला घेतला.

भुरीबाईला मात्र ते पटलं. "बरोबर शे. दखाशिवाय कसं लिखशी? मंग दुसरी पड धर. नालाना पल्याड उखाआबानी शे. असाच उतार, अशीच माटी. तठे पाच साल पासून कोनी खुरपं लायेल नही."

लोटनभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उखाआबा म्हणजे आमच्या भाऊबंदांतले लांबचे चुलते. लोटनभाऊंचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं असं नाही. फक्त ते नेहमी तिसऱ्या माणसाकडे बघून बोलत.

"त्याले कोन सांगी," लोटनभाऊ भिंतीला म्हणाले, "का तुन्ही पडमा लई गवत शे, ते आमले पाहिजे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माहेरवाशिणीवर गावात कुणी चिडत नाही, अशी एक समजूत आहे.

नाल्यापलीकडे

उखाआबा ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळत होते. सत्तरीचे असतील. मी सुरुवात त्यांच्या बैलांपासून केली. बैलांवरून कपाशीवर आले, कपाशीवरून पाऊसपाण्यावर, पाऊसपाण्यावरून डोंगर किती हिरवा दिसतो यावर. मग हळूच म्हटलं, की तुमच्या वरच्या अंगाला तर फारच हिरवं दिसतंय.

आबांचा दोर थांबला. "अक्का, सरळ बोल. मना वावरमा गवत शे हाई तुले कोनी सांगं? लोटननी?"

"नाही हो, म्हणजे..."

"त्याना तं चुना लायेल शे म्हने. पुरा गाव दखी उना. आते मन्ही लाज काढाले तुले धाडं का?"

मी घाम पुसला. बैलांकडे परत जावं का, असा विचार करत होते, तेवढ्यात मागे उभी असलेली मंजू पुढे आली.

"आबा, मामांची जागा आता माझ्या काहीच कामाची नाही. निंदलेली जागा मला चालत नाही. तुमची चालते. तुमच्या पडीत जितक्या जाती जास्त, तितकं माझं काम चांगलं. हे नाही झालं तर माझं वर्ष जाईल."

आबांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हंजे तुना कालेजमा लोटन नापास, नि मी पास?"

"हो."

त्यांनी दोराला दोन वळसे दिले. मिशीत काहीतरी हललं. "मंग लोटनले म्हना, मना बांधवर उभा ऱ्हाय नि सोता मांग. आबा, तुमनं गवत द्या म्हन."

हे मी परत जाऊन कसं सांगितलं ते विचारू नका. लोटनभाऊंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मग टोपी घातली, नाला ओलांडला, बांधावर उभे राहिले आणि आकाशात घारीकडे बघत म्हणाले, "आबा, तुमनं गवत द्या."

"जोरमा बोल. कान कमी शेतस."

"तुमनं गवत द्या, आबा! पोरनं साल चालनं!"

शेवटचे शब्द म्हणताना घार राहिली बाजूला आणि लोटनभाऊंनी आबांकडे पाहिलं. आबा उठले. "ले ना मंग. वरडस काब्रं?"

दगड नव्याने मांडायचे, लाकडाच्या जातीही नव्याने मोजायच्या आणि कॉलेज चालू असल्याने हातात दोनच दिवस. मंजूला एकटीला आठ-दहा दिवस लागले असते. लोटनभाऊंनी पुन्हा कपाशी मागे ठेवली आणि भुरीबाईच्या सात बाया आणून दिल्या.

त्यांचं काम बघत राहावं. निंदताना प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे तिच्या वाट्याची सरळ पट्टी. खाली बसून सरकत जायचं आणि आपल्या पातीतलं काही सोडायचं नाही. भुरीबाईने चौकोनाच्याही तशाच पाती पाडल्या. फक्त हुकूम उलटा दिला. "आज काही काढानं नही. नवं दिसनं तं एक काडी ओटीमा, बाकी तशीच." पहिल्या चौकोनात सवयीने तिघींनी सपासप उपटायला सुरुवात केली, तेव्हा भुरीबाईने त्यांना जे काही ऐकवलं ते मला कळलं नाही हे बरंच झालं. नंतर मात्र सुरळीत झालं. चौकोन संपला की सगळ्या ओट्या एका गोणपाटावर रिकाम्या होत, जुळणारं बाजूला होई आणि उरलेली एकेक जात मंजू वहीत घेई.

मलाही एक पात दिली होती. मी तासभर मान वर केली नाही. बाया पुढच्या चौकोनात गेल्या तरी माझं चालूच. मंजू बघायला आली.

"किती झाल्या आई?"

"चारशे बारा," मी अभिमानाने म्हणाले.

"चारशे बारा जाती?"

"काड्या."

त्या एकाच जातीच्या होत्या. त्यानंतर मला भाकऱ्या आणि पाणी सांभाळायचं काम मिळालं, आणि ते मी चोख केलं. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि बायांनी वेचून आणलेल्या केन्याची तिथल्या तिथे परतलेली भाजी. अशी भाजी मी धुळ्यात मंडईत शोधली. भाजीवाली म्हणाली, "ते गवत असतं बाई."

भांडण व्हायचं ते मधल्या जातींवरून. रानतुळस खाली कडक असते, वर मऊ. तिला कुठे घालायचं? मंजूचा नियम असा, की त्याच जुन्या खोडाला पुढच्या वर्षी पुन्हा पालवी फुटत असेल तर ती लाकडाची. भुरीबाईचा नियम चुलीचा. "ज्याना निखारा पडस ते लाकूड. जे भडकस नि सरी जास ते गवत." दोघींचे नियम बहुतेक ठिकाणी जुळले. पळस, बोर, हेंकळ, तरवड, अंजन यांच्यावर वाद नव्हता. रानतुळशीवर भुरीबाईने बराच विचार केला आणि निकाल दिला, "एक भाकर व्हस. दुसरीले पुरत नही." मंजूने हसून तिसरी रांग आखली आणि तिला "शंकेच्या" असं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आत बारावा चौकोन संपला. मंजूने बेरीज दोनदा केली. लाकडाच्या एका जातीला मऊ जाती जवळजवळ तीन पडल्या. उन्हाळ्यात तिच्या वहीने अगदी उलट सांगितलं होतं, आणि जागा तर इथून हाकेच्या अंतरावर. तिने आकडा मोठ्याने वाचला. बायांनी तो निर्विकारपणे ऐकला. भुरीबाई खुरप्याने टाचेची माती काढत म्हणाली, "नि या साल जे उनं नही, ते?"

"म्हणजे?"

"काही बी दोन-तीन साल माटीमाच ऱ्हास. पाऊस बरा वाटना तं येस. ते तू मोजं का?"

मंजूने पेन्सिल पुन्हा उचलली. मग वही उघडून आकड्याच्या आधी तिने एक शब्द लिहिला, "किमान". पुढे सरांनी प्रबंध वाचला तेव्हा दिवाळीला बारा दिवस होते, आणि त्यांना सगळ्यांत आवडला तो हाच शब्द. वर्ष वाचलं. मोठ्या काकांनी मुदत वाढवून दिली, तीही न मागता. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल आणि मला निवांतपणे परतीच्या गाडीत बसता येईल.

परतीची गाडी

फाट्यावर लोटनभाऊ पोचवायला आले होते. या वेळी टोपी जुनीच होती. वहिनींनी फुणक्यांची डाळ, कळण्याचं पीठ आणि एक घड केळी दिली. घड देताना भाऊ म्हणाले, "ले, मामानं गवत." मंजू इतकी हसली, की फळ्यांचे पट्टे तिच्या हातून सुटले.

गाडी आली. आम्ही चढलो, खिडकीशी बसलो, कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला, आणि शेताकडून कुणीतरी हाका मारत येताना दिसलं. उखाआबा होते. एका हाताने धोतराचा सोगा धरलेला, दुसऱ्या हातात काहीतरी उंच धरलेलं. लोटनभाऊ धावत पुढे गेले आणि त्यांचा दंड धरून त्यांना खिडकीपाशी घेऊन आले.

"हाई ऱ्हायनं!" आबांना धाप लागली होती. त्यांनी खिडकीतून एक बारीक, निळ्या फुलाचं, मुळासकट उपटलेलं रोप आत दिलं. "तुमनी बायासले दिसनं नही. माले दिसनं. सकायपास फिरी ऱ्हायनू."

मंजूने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं, देठ चिमटला. मऊ होता. वहीतल्या कुठल्याच जातीशी ते रोप जुळत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तिचा स्वर बदलला.

"आबा, हे दगडांच्या आत होतं का बाहेर?"

"आत."

"नक्की?"

आबांनी लोटनभाऊंकडे पाहिलं, मग गाडीच्या चाकाकडे. "दगड जरासा सरकाडा," ते म्हणाले. "एक हात. जास्त नही."

कंडक्टरसकट सगळी गाडी हसली. लोटनभाऊ तर चाकाला टेकून हसले. आबांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते खिडकीची कड धरून वाट बघत होते. "मना वावरमधलंच शे ना पन? लिख ना मंग!"

मी मंजूकडे पाहिलं. या खेपेला चिमटा काढला नाही. तिने मांडीवर वही उघडली. बेरजेला हात लावला नाही. ती होती तशी राहिली. पण पानाच्या तळाशी, रेघ मारून, तिने सावकाश अक्षरात लिहिलं, "चौकोनाबाहेर, एक. उखाआबांनी शोधलेली." मग ते रोप तिने फळ्यांमधल्या एका कोऱ्या कागदात नीट पसरलं, एकेक पान बोटाने सरळ केलं आणि पट्टे आवळले.

"लिखं का?" आबांनी विचारलं.

"लिहिलं, आबा."

"मना नावनं?"

"तुमच्या नावाने."

आबा दोन पावलं मागे सरले, लोटनभाऊंकडे वळले आणि थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले, "देख. निंदं नही म्हनीसन सापडनं." गाडी सुटली. मागच्या काचेतून मी पाहिलं, तर ते दोघं रस्त्याच्या कडेच्या गवतात वाकून बोट दाखवत एकमेकांना काहीतरी विचारत होते.